रुग्णांना समितीवर घेताना : जुनी जखम न उकरता सहभाग कसा घ्यायचा?

पायरीपाशी (धागाकर्ती)

रुग्णालयाची सल्लागार समिती, संशोधन प्रकल्पाची बैठक, माहितीपत्रकं तपासणं, नव्या परिचारिकांच्या प्रशिक्षणात बोलणं... हल्ली या सगळ्याला रुग्णांना बोलावतात. बोलवायलाच हवं. १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यानेच आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत भाग घेणं हा लोकांचा हक्क आणि कर्तव्यही आहे असं लिहून ठेवलंय. घोडं अडतं ते 'कसं' या प्रश्नावर.

बोलावलेल्यांपैकी अनेकांनी उपचारांमध्येच जिव्हारी लागणारं काहीतरी सोसलेलं असतं. अतिदक्षता विभागातले भास आणि बांधलेले हात. प्रसूतीच्या टेबलावर न विचारता केलेली तपासणी. 'मनाचे खेळ आहेत' म्हणत वर्षभर उडवून लावलेलं दुखणं. काहींचं मूळ तर आजाराच्याही आधीचं, घरातलं असतं. अशा माणसाला परत त्याच इमारतीत, तसल्याच वासात, दहा अनोळखी अधिकाऱ्यांसमोर बसवायचं आणि म्हणायचं, 'हं, सांगा तुमचा अनुभव.' बाई मध्येच गप्प झाल्या की इतिवृत्तात नोंद: 'रुग्ण प्रतिनिधी भावनावश झाल्या.'

शब्दाचा घोळ आधीच मिटवते. रुग्णालयात 'ट्रॉमा' म्हटलं की सगळ्यांना अपघात विभाग आठवतो. म्हणून मी 'आघात' आणि 'आघाताचं भान' असं म्हणतेय. रुग्णांना पाठवायच्या पत्रात मात्र यातला एकही शब्द नको. 'आघातग्रस्तांची बैठक' असं वाचून कोण यायला धजेल?

या विषयात बहुतेक जण अमेरिकेच्या सरकारी 'सॅम्सा' संस्थेची २०१४ ची मांडणी वापरतात. आघात किती सर्रास असतो हे जाणायचं, त्याच्या खुणा ओळखायच्या, त्याप्रमाणे आपली वागणूक आणि नियम बदलायचे, आणि नव्याने आघात होऊ द्यायचा नाही, ही चार सूत्रं. सोबत सहा तत्त्वं: सुरक्षितता, विश्वासार्हता आणि पारदर्शकता, समदुःखींचा आधार, सहकार्य आणि बरोबरी, आवाज आणि निवडीची मोकळीक, आणि संस्कृती-इतिहास-लिंगभाव यांचं भान. वाचायला छान, भिंतीवर लावायलाही छान. खुर्ची कुठे ठेवायची ते त्यात नाही. हा धागा त्या खुर्चीसाठी.

माझं म्हणणं एका ओळीत: आपबिती सांगणं ही समितीत शिरायची फी नव्हे. रुग्णाला सेवेबद्दल जे कळतं ते विचारा. त्याच्यावर काय गुदरलं ते त्याला वाटलं तर तो सांगेल.

---

शंकासुर

मुद्दा कळला, पण थोडा विरोधी सूर लावतो. माणूस प्रौढ आहे, स्वतःहून आलाय. त्याला कापसात गुंडाळून ठेवायचं का? ही समिती आहे की समुपदेशन केंद्र? आणि कोणाला आघात झालाय हे ओळखणार कसं, अर्जात रकाना ठेवणार?

---

पायरीपाशी

रकाना अजिबात नको. विचारायचंच नाही. रक्त हाताळताना कोणाला काय झालंय हे न पाहता आपण सरसकट हातमोजे घालतो, तसंच हे. लहानपणच्या प्रतिकूल अनुभवांचा अमेरिकेतला मोठा अभ्यास, ज्याचा पहिला निबंध १९९८ मध्ये आला, त्यात १७,००० हून जास्त प्रौढ होते आणि जवळजवळ दोनतृतीयांश जणांनी किमान एक तरी तसा अनुभव नोंदवला. म्हणजे टेबलाभोवती बसलेल्यांत कोण, याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. त्यात डॉक्टर आणि कारकूनही आलेच.

कापसाबद्दल खालच्या कुणीतरी लिहावं, मला जेवायला हाक आलीय.

---

आडवा_कागद

कापसाचं मी घेतो, कारण शंकासुर यांचा प्रश्न रास्त आहे आणि चूक दोन्ही बाजूंनी होते.

पहिली चूक वर आलीच: बोलावून आपबितीच मागायची. दुसरी जास्त सभ्य दिसते: 'त्यांना झेपणार नाही, उगाच त्रास नको' म्हणून बोलवायचंच नाही. यात काय होतं पाहा. ज्या माणसाच्या वतीने एकदा दुसऱ्यानेच सगळं ठरवलं होतं, त्याच्या वतीने आपण पुन्हा एकदा ठरवतो. आघाताचा गाभाच मुळी हातातून सूत्रं जाणं हा असतो. झेपेल की नाही हे तोच ठरवणार. त्याला ठरवता यावं इतकी माहिती आधी देणं, एवढंच आपलं काम.

समिती की समुपदेशन, याचं उत्तर लोकसहभागाच्या अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्येच देऊन ठेवलंय. लोकसहभागाची त्यांची आठ पायऱ्यांची शिडी आहे. तळाची पायरी 'हातचलाखी', दुसरी चक्क 'उपचार'. लोकांचं म्हणणं ऐकून व्यवस्था बदलण्याऐवजी लोकांनाच 'बरं' करत बसणं. या दोन्ही पायऱ्यांना त्या सहभाग मानतच नाहीत. तेव्हा समितीचं समुपदेशन केंद्र करणं ही सहभागाची हारच आहे. आघाताचं भान ठेवायचं ते काम नीट व्हावं म्हणून, बैठक मऊ-मऊ व्हावी म्हणून नाही.

---

निमंत्रणवाला

वरच्या दोघांना +१. आता पत्रापासून सुरू करू, कारण बैठक बिघडते ती बहुतेकदा पत्रातच.

नेहमीचा मजकूर असा असतो:

'आपला अनमोल अनुभव आमच्यासाठी प्रेरणादायी ठरेल. कृपया आपली कहाणी सांगण्यासाठी अमुक दिवशी सभागृहात उपस्थित राहावे.'

यात विषय नाही, समोर कोण असणार ते नाही, किती वेळ ते नाही. 'कहाणी' मागितलीय आणि 'प्रेरणादायी' म्हणून तिचा शेवटही आपणच ठरवून टाकलाय. ज्याची कहाणी प्रेरणादायी नाही त्याने काय करायचं?

त्याऐवजी:

'घरी सोडताना रुग्णाला जो कागद देतात तो आम्ही नव्याने लिहितोय. मसुदा सोबत आहे. आम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: घरी गेल्यावर पहिल्या दोन दिवसांत या कागदात काय सापडायला हवं? कुठला शब्द कळत नाही? काही अडलं तर कोणाला फोन करायचा हे स्पष्ट आहे का? तुमच्यासोबत काय घडलं हे सांगायची गरज नाही. सांगावंसं वाटलं तर कितपत सांगायचं हे तुम्हीच ठरवा. खोलीत दहा जण असतील: चार रुग्ण, दोन परिचारिका, एक डॉक्टर, एक फार्मासिस्ट, बैठक चालवणाऱ्या बाई आणि टिपणं घेणारे एक जण. नावं मागे आहेत. यातल्या कोणासोबत बसायचं नसेल तर कळवा, कारण विचारणार नाही. वेळ दीड तास, मध्ये पंधरा मिनिटं सुट्टी. मध्येच उठून गेलात तरी मानधन पूर्ण मिळेल.'

'कोणासोबत बसायचं नसेल तर' ही ओळ बरेच जण वगळतात. ज्या डॉक्टरने बाईंना उडवून लावलं होतं तोच समोर बसलेला निघाला, तर बाकीची सगळी तयारी पाण्यात. ती चूक नंतर दुरुस्त होत नाही. म्हणून नावं आधी पाठवा, किमान सात दिवस आधी. आणि नाव ऐन वेळी बदललं तर फोन करून सांगा, ईमेलवर विसंबू नका.

पत्रानंतर पंधरा-वीस मिनिटांचा फोन. त्यात एवढंच विचारायचं: यायला-बसायला काय सोयीचं, कोणाला सोबत आणणार का, थोडा वेळ थांबावंसं वाटलं तर ते आम्हाला कसं कळवाल, आणि अगदी जड गेलं तर कोणाला फोन करावा. आजाराचा इतिहास विचारायचा नाही. काही जण फोनवरच सगळं सांगू लागतात. मध्ये तोडू नका, पण खोदूही नका. 'हे तुम्ही मला सांगितलंत. बैठकीत मी ते काढणार नाही' असं स्पष्ट म्हणा.

---

खिडकीजवळ

जागेबद्दल लिहिते.

शक्यतो रुग्णालयाबाहेर. जमत नसेल तर निदान असा रस्ता निवडा जो अपघात विभागावरून किंवा त्यांच्या जुन्या वॉर्डावरून जात नाही. फाटकापासून खोलीपर्यंतच्या वाटेचे चार-पाच फोटो आधी पाठवा. फुकटात होणारं काम आहे आणि उपयोग फार.

खोलीत दाराकडे पाठ येईल अशी एकही खुर्ची नको. हे विशेष लक्षात ठेवा, कारण सभागृहातल्या लांबट टेबलाची अर्धी रांग नेमकी तशीच असते. खुर्च्यांचा नाल करा, तोंड दाराकडे. रुग्णांना आधी बसू द्या, अधिकाऱ्यांनी उरलेल्या जागा घ्याव्यात. दार लोटलेलं असावं, कडी नको. दाराशी गणवेशातला सुरक्षारक्षक उभा असेल तर त्याला लांब बसवा.

पांढरे कोट, स्टेथोस्कोप बाहेर. छातीवरच्या बिल्ल्यावर सगळ्यांचं फक्त नाव. डॉक्टरच्या बिल्ल्यावर तीन पदव्या आणि शेजारच्या बाईंच्या बिल्ल्यावर नुसतं 'रुग्ण', असलं काही नको.

आवाज आणि वास. अतिदक्षता विभागातून उठलेल्या माणसाला मॉनिटरसारखी टिक-टिक पुरते. मोबाइलची रिंग तशी असेल तर बंद. फडफडणारी ट्यूबलाइट बदला. टेबलं सकाळी जंतुनाशकाने पुसली असतील तर खिडक्या उघडून तासभर हवा खेळू द्या. आणि त्या दिवशी इमारतीत आगीच्या घंटेची चाचणी नाही ना, हे प्रशासनाला विचारून घ्या. बैठक ऐन रंगात असताना ती घंटा वाजली की तिथून पुढे काहीही होत नाही.

शेजारी एक शांत खोली. दोन खुर्च्या, पाणी, उघडणारी खिडकी. तिथे खोकी रचून ठेवलेली नसावीत आणि बाहेरून कुलूप लागणारं दार नसावं. हो, असं दार पाहूनच काही जण आत जात नाहीत, आणि का ते उघड आहे.

रुग्ण एकटा नको. कमीत कमी दोन, दहा जणांत तीन-चार असतील तर उत्तम. एकटा असला की तो जगातल्या यच्चयावत रुग्णांचा प्रवक्ता होऊन बसतो.

---

शंकासुर

दारकुलुपाचं पटलं. विषयपत्रिकेत 'पुढील मजकूर त्रासदायक वाटू शकतो' अशी सूचना टाकावी का?

---

आडवा_कागद

यावर माझं मत जरा वेगळं आहे. अशा इशाऱ्यांवर प्रयोग झालेत आणि एकत्रित निष्कर्ष उत्साहवर्धक नाही. इशाऱ्याने नंतरचा त्रास कमी होत नाही, उलट मजकूर समोर येण्याआधीची धास्ती थोडी वाढते. लोक तो मजकूर टाळतात असंही फारसं दिसत नाही.

पण इशारा वेगळा आणि माहिती वेगळी. 'त्रासदायक वाटू शकतं' हा इशारा झाला, त्यातून काहीच कळत नाही. 'दुसऱ्या विषयात, ४.४० ते ५.०० या वेळात, रुग्णांना बांधून ठेवण्याच्या नियमावर बोलणार आहोत. त्या वीस मिनिटांत बाहेर बसायचं असेल तर चहा शेजारच्या खोलीत आहे' ही माहिती झाली. तिच्यावर माणूस काही ठरवू शकतो. म्हणून घड्याळ पाळायचं. ५.०० म्हणून सांगितलेला विषय ५.२५ पर्यंत रेंगाळला तर बाहेरचा माणूस नेमका त्याच्या मधोमध परत येतो.

---

निमंत्रणवाला

अगदी. आणि वेळ आखताना जड विषय शेवटी ठेवू नका. लोकांना थेट त्यातून उठून बसस्टॉपवर जावं लागतं. पहिली दहा मिनिटं ओळख आणि बैठकीचे नियम, मग हलका विषय, चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास सुट्टी, सुट्टीनंतर जड विषय, आणि शेवटची पंधरा मिनिटं कोरडी कामं: पुढची तारीख, कोण काय करणार, मानधनाची सही. ही कोरडी कामं मुद्दाम शेवटी ठेवायची. त्यांनी माणूस वर्तमानात येतो.

---

मधली_फळी

एवढं करूनही खोलीत कोणीतरी थिजतं. तेव्हा काय करायचं ते लिहिलं नाहीत तर बैठक चालवणारा गोंधळतो.

ओळखायच्या खुणा दोन टोकांच्या. एक टोक सगळ्यांना दिसतं: आवाज चढतो, श्वास वाढतो, पाय हलत राहतो, नजर दाराकडे जाते. दुसरं टोक निसटतं, कारण ते सोयीचं असतं: माणूस एकदम शांत होतो, नजर एका जागी खिळते, उत्तरं 'हो', 'ठीक आहे', 'तुम्ही म्हणाल तसं' एवढीच. अध्यक्षांना वाटतं, वा, एकमत झालं. सपाट आवाजातला 'ठीक आहे' हा होकार म्हणून इतिवृत्तात घालू नका.

मग पुढे असं:

बैठक चालवणाऱ्या बाई नाव न घेता सगळ्यांना उद्देशून म्हणतात, 'आपण सगळेच पाच मिनिटं थांबू या.' माणसाकडे बोट जात नाही. आधार द्यायला आधीच ठरवलेली एक व्यक्ती (बैठक चालवणारी नव्हे, ती दुसरी) त्यांच्या शेजारी जाऊन बसते, समोर नाही. अंगाला हात लावत नाही. हळू आवाजात: 'मी शेजारी बसलेय. इथेच थांबायचंय की बाहेर व्हरांड्यात जाऊ या?' दोनच पर्याय, दोन्ही खरे. 'काय झालं?', 'काय आठवलं?' हे विचारायचं नाही. पाण्याचा पेला हाताच्या टप्प्यात ठेवायचा, हातात कोंबायचा नाही.

त्यांना चालणार असेल तर भोवतालाकडे लक्ष वळवायचं. पाच गोष्टी डोळ्यांनी, चार स्पर्शाने, तीन कानांनी, दोन वासाने, एक चवीने, हा प्रकार बऱ्याच जणांना माहीत असतो. खोलीत जंतुनाशकाचा वास असेल तर वासाची पायरी गाळा! नुसतं 'पाय जमिनीला टेकवा, खुर्चीची पाठ लागतेय का बघा, त्या खिडकीला गज किती आहेत' एवढंही पुरतं.

'डोळे मिटा आणि दीर्घ श्वास घ्या' हे मात्र सरसकट सांगू नका. डोळे मिटले की काहींना नेमकं तेच दिसतं. ज्यांचा श्वास कधीतरी खरोखर कोंडला होता, व्हेंटिलेटरवर असो वा इतरत्र, त्यांचं श्वासाकडे लक्ष गेलं की घबराट वाढू शकते.

परत यायचं की घरी जायचं, हे त्यांनी ठरवायचं. ते बाहेर असताना आत त्यांच्याबद्दल चर्चा नको. 'काय झालं त्यांना?' असं कोणी विचारलंच तर 'त्या सुट्टी घेताहेत' एवढं उत्तर.

---

पायरीपाशी

मधली_फळी, हा प्रतिसाद छापून बैठकीच्या फाइलला लावण्यासारखा आहे. एकच भर: आधार देणाऱ्या व्यक्तीकडे त्या दिवशी दुसरं कुठलंही काम नको. टिपणंही तीच घेतेय, चहाही तीच मागवतेय, मग वेळ आली की ती पेन खाली ठेवेपर्यंत दोन मिनिटं गेलेली असतात.

---

लेखनिक

टिपणांचा विषय निघालाच आहे तर.

गोपनीयतेचं वचन पूर्ण देऊ नका, कारण पाळता येणार नाही. सुरुवातीलाच मर्यादा सांगा: इथे बोललेलं नावासकट बाहेर जाणार नाही, पण एखाद्या मुलाला किंवा कोणाच्या जिवाला धोका आहे असं समजलं तर आम्हाला ते योग्य ठिकाणी कळवावं लागेल, आणि तसं करण्याआधी शक्यतो तुमच्याशी बोलू. हे बोलण्याआधी सांगितलं तर नियम ठरतो. कोणी काही सांगून बसल्यावर सांगितलं तर विश्वासघात ठरतो.

शब्द मागे घेण्याची सोय ठेवा, पण मुदतीसह. इतिवृत्ताचा मसुदा रुग्णांना आधी दाखवायचा, सात दिवसांत काहीही खोडायला मुभा. 'माझं वाक्य काढा' म्हटलं की काढायचं, कारण मागायचं नाही. अहवाल छापून गेल्यावर काय होऊ शकतं आणि काय नाही, तेही पहिल्याच दिवशी कागदावर.

नाव बदललं म्हणजे ओळख पुसली असं नाही. विरळा आजार, वय आणि शस्त्रक्रियेचं वर्ष एवढ्यावर वॉर्डातल्या कोणालाही माणूस कळतो. अहवालात यातल्या दोन गोष्टी गाळा.

आणि जो ध्वनिमुद्रण ऐकून उतरवतो त्याचा विचार कोणी करत नाही. बैठकीतल्यांनी ते वाक्य एकदा ऐकलेलं असतं, हा माणूस तेच मागे-पुढे करत आठ वेळा ऐकतो, एकटा, कानात. त्याला आधी सांगा की फाइलच्या अमुक मिनिटापासून जड भाग आहे, आणि सलग तेच काम देऊ नका.

---

हिशेबनीस

मानधन. थोडक्यात, कारण यात वाद नाही, फक्त आळस आहे.

रक्कम, कधी आणि कशी मिळणार हे पत्रात. प्रवासखर्च आगाऊ, नाहीतर ज्याच्या खिशात पैसे आहेत तोच येतो. बँक खातं नाही, किंवा नवऱ्याच्या नावावर आहे, अशा बाईला 'खातं द्या' म्हटलं तर पैसे कुठे जाणार ते समजून घ्या. पर्याय ठेवा. सरकारी मदत घेणाऱ्यांना काही देशांत अशा मानधनामुळे मदत कमी होण्याचा धोका असतो, ते आधी तपासायला सांगा. मानधन हजेरीवर, बोलण्यावर नाही. 'पूर्ण वेळ थांबलात तरच' ही अट घातली की 'केव्हाही उठून जा' हे वाक्य खोटं पडतं.

चार महिने उशिरा आलेला धनादेश आणि सोबत 'आपल्या योगदानाबद्दल ऋणी' हे पत्र... असो.

---

ऐसपैस

सगळं वाचलं. पण कहाणीला इतकं दूर ठेवायचं का? आकड्यांनी जे होत नाही ते एका माणसाच्या बोलण्याने होतं. कित्येक रुग्णांना सांगायचं असतं. त्यांना 'तुम्ही फक्त कागद तपासा' म्हणणं हेही एक प्रकारे तोंड दाबणंच झालं.

---

आडवा_कागद

ऐसपैस, बरोबर. आक्षेप कहाणीला नाही, ती वापरण्याच्या पद्धतीला आहे. संचालक मंडळाच्या सभेत पहिली दहा मिनिटं रुग्णाची कहाणी, मग टाळ्या, कोणीतरी डोळे पुसणार, आणि 'विषय क्रमांक दोन: वाहनतळाचं कंत्राट'. त्या माणसाने आतडं पिळून जे ठेवलं त्याचं पुढे काय झालं? काहीच नाही. ऐकणाऱ्यांना मात्र आपण ऐकल्याचं समाधान मिळालं.

ज्यांना सांगायचंय त्यांच्यासाठी: मजकूर त्यांचा, शेवटचा हातही त्यांचाच. आधी एकदा रिकाम्या खोलीत म्हणून पाहणं, तिथे कुठे अडतं ते कळतं. कुठल्या प्रश्नांना उत्तर देणार नाही याची यादी अध्यक्षांकडे, आणि सगळे प्रश्न अध्यक्षांमार्फत, म्हणजे 'पण तुम्ही तेव्हाच तक्रार का नाही केली?' हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. कहाणीच्या लगेच पुढचा विषय तिच्याशी संबंधित निर्णयाचा हवा, नाहीतर ती ठेवूच नका. चित्रफीत केली असेल तर ती किती काळ, कोणाला दाखवायची ते लिहून घ्या आणि दर वर्षी पुन्हा विचारा. आज 'हो' म्हणणाऱ्याला तीन वर्षांनी तो चेहरा नकोसा झालेला असू शकतो.

आणि तोच तो रुग्ण प्रत्येक कार्यक्रमाला नको. 'त्या छान बोलतात' म्हणून एकाच बाईंना वर्षातून दहा वेळा तीच गोष्ट सांगायला लावतात.

---

खिडकीजवळ

> तेव्हाच तक्रार का नाही केली

हा प्रश्न विचारण्याआधीच अडवायला हवा, याला शंभर वेळा +१.

---

शंकासुर

अडचणीचा प्रश्न. ज्या संस्थेने इजा केली तीच आता 'या, आम्हाला सुधारायला मदत करा' म्हणतेय. अशा वेळी?

---

मधली_फळी

सगळ्यात कठीण प्रकार हाच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रायड यांनी याला संस्थेकडून होणारा विश्वासघात म्हटलंय. ज्याच्यावर भरवसा ठेवून आपण स्वाधीन झालो त्यानेच इजा केली, किंवा इजा झाल्यावर कानावर हात ठेवले. मूळ इजेपेक्षा हे दुसरं जास्त झोंबतं.

क्रम चुकवायचा नाही. आधी घडलं ते मान्य करणं आणि माफी. 'आपणास गैरसोय वाटली असल्यास' ही माफी नव्हे. मग तक्रारीचा रस्ता वेगळा आणि सुधारणेच्या कामाचा रस्ता वेगळा, दोन्हीकडे वेगळी माणसं. समितीवर येण्यासाठी तक्रार मागे घ्यायची अट नाही, आणि समितीवर आल्याने तक्रारीला काही होणार नाही, हे लेखी. बैठक चालवणारा त्या विभागाबाहेरचा, जमलं तर संस्थेबाहेरचा आणि रुग्णांनी मान्य केलेला. इजा झालेले लोक काय बदलू शकतात आणि काय नाही (कायदा, पैसा, दुसऱ्या खात्याचे नियम) ते पहिल्या बैठकीत उघड करा. सहा महिने काम करून घेतल्यावर 'ते आमच्या हातात नाही' हे ऐकवणं म्हणजे पुन्हा तेच.

रागाची तयारी ठेवा. राग आला म्हणजे बैठक फसली असं नाही. नियम एवढाच: निर्णयावर, संस्थेवर कितीही बोला, खोलीतल्या माणसाला शिवी नाही. आणि संस्थेच्या माणसांनी लगेच खुलासे देऊ नयेत. आधी ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं, 'मला नीट कळलं का?' विचारायचं.

---

ऐसपैस

ऑनलाइन बैठकांचं?

---

लेखनिक

घरातून बसणं काहींना सोपं जातं, पण ज्याच्या त्रासाचं मूळ घरातच आहे त्याच्यासाठी घर सुरक्षित नाही. म्हणून फोनवर विचारा, 'त्या वेळी मोकळेपणाने बोलता येईल अशी जागा आहे का?' कॅमेरा ऐच्छिक, सगळ्यांसाठीच. स्वतःचा चेहरा पडद्यावर दिसू नये हे कसं करायचं ते आधी शिकवा. आधार देणाऱ्या व्यक्तीचा फोन नंबर आणि तिच्यासाठी वेगळी आभासी खोली तयार. कोणी अचानक बैठकीतून गेलं तर नेट गेलं की माणूस खचला हे कळत नाही. दहा मिनिटांत फोन करायचा, हे आधीच ठरवून ठेवलेलं असलं की फोन आगाऊपणाचा वाटत नाही.

---

निमंत्रणवाला

बैठकीनंतरचं राहिलं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी छोटा फोन, तोही 'चालेल' म्हटलेल्यांनाच. त्रास कधी कधी घरी गेल्यावर, रात्री चढतो, म्हणून लगेच त्याच संध्याकाळी विचारून उपयोग नसतो. या फोनमध्ये आठवणी उकरायच्या नाहीत. आघातानंतर लगेच सगळ्यांना बसवून एकदाच सगळं बोलायला लावणं, ही पद्धत जागतिक आरोग्य संघटना उपचार म्हणूनसुद्धा सुचवत नाही. झोप लागली का, पुढच्या वेळी काय बदलू, मानधन पोचलं का. बस.

मग चार आठवड्यांच्या आत उत्तर. 'तुम्ही म्हणालात, आम्ही केलं' हा तक्ता सगळे करतात. त्यात तिसरा रकाना घाला: 'तुम्ही म्हणालात, आम्ही केलं नाही, कारण...' पारदर्शकता असते ती या रकान्यात. तो रिकामा आला तर मला संशय येतो.

---

शंकासुर

पटतंय बरंचसं. हे जमतंय की नाही, मोजायचं कसं? समाधानाचे पाच तारे नकोत.

---

हिशेबनीस

तारे नकोतच, समोर बसलेला माणूस पाचच देतो. मी चार नोंदी बघतो. पहिल्या बैठकीला आलेल्यांपैकी तिसरीला किती उरले. मध्येच बाहेर गेलेल्यांपैकी किती जण पुढच्या वेळी परत आले. मसुद्यातलं किती रुग्णांच्या सांगण्यावरून बदललं, वाक्यागणिक. आणि मानधन पोचायला किती दिवस लागले. बाहेर कोणीच कधी गेलं नसेल तर खूश होऊ नका, बहुधा बाहेर जाता येतं हे कोणाला खरं वाटलेलं नाही.

---

ऐसपैस

आमच्याकडच्या पत्राचा मसुदा वरच्या नमुन्याप्रमाणे बदलतोय. एक शंका: 'कोणासोबत बसायचं नसेल तर कळवा' लिहिलं, आणि कोणी विभागप्रमुखांचंच नाव दिलं तर?

---

पायरीपाशी

तर विभागप्रमुख त्या बैठकीला नसतात. मसुदा त्यांना नंतर लेखी जातो, त्यांचं मत लेखी येतं. हे त्यांच्याशी पत्र पाठवण्याआधी बोलून घ्या. त्यांना ते मान्य नसेल तर ती ओळ पत्रात घालू नका, आणि ओळ घालता येत नसेल तर बैठक थोडी पुढे ढकला.